दिंडीची वाट आणि कोर्टाची पायरी



दिंडीच्या शतकपूर्तीच्या स्मरणिकेत कोर्टकचेरीवर लेख पाहून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतील. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे लहानपणापासून सांगतात. वारकऱ्याला तर एकच पायरी ठाऊक, महाद्वारातली नामदेवरायांची. पण दिंडीला शंभर वर्षे झाली म्हणताना एक प्रश्न मनात आला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता कोर्टाच्या पायरीपर्यंत जावेच लागले.

प्रश्न साधा आहे. आपण शेकडो माणसे हमरस्त्याने टाळ-मृदंग वाजवत, मोठ्याने हरिनाम घेत चालतो. गाड्या थांबतात, एसटी बाजूला उभी राहते, गावातली दुकाने पाणी आणि चहा घेऊन पुढे येतात. हा रस्ता असा वापरायचा हक्क आपल्याला कोणी दिला?

कोणाही जुन्या वारकऱ्याला विचारा. तो म्हणेल, "कोणी द्यायला कशाला पायजे? बापजाद्यापासूनची वहिवाट हाय ती." उत्तर खरे आहे, पण अर्धे. उरलेले अर्धे उत्तर फार थोड्यांना माहीत आहे. त्यात आपले कोणी नाही. परक्या गावची, परक्या पंथाची, परक्या धर्माची माणसे आहेत. त्यांनी कोर्टात भांडून जे मिळवले, त्याच्या सावलीत आपली दिंडी शंभर वर्षे चालली. ते ऋण या निमित्ताने सांगावे, म्हणून हा लेख.

वहिवाट होती, पण कायदा नवा आला

वारी ज्ञानोबारायांच्याही आधीची. तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराजांनी १६८५ च्या सुमारास पादुका पालखीत घालून सोहळा सुरू केला. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीहून माउलींचा सोहळा स्वतंत्रपणे सुरू केला आणि त्याला दिंड्यांची शिस्त लावली. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू अशी सेवा दिली. त्या काळी रस्त्याचा हक्क कोणी विचारत नव्हते. राजाची, सरदाराची श्रद्धा होती, गावोगावच्या पाटलांचा मान होता, तेवढे पुरे होते.

इंग्रजी राज्य स्थिर झाले तशी कोर्टे आली, आणि कोर्टांबरोबर विलायतेतले कायदे आले. आता श्रद्धेवर आणि मानावर भागेना. "रस्ता सरकारचा. त्यावरून वाजवत जाण्याचा तुमचा हक्क कुठे लिहिला आहे?" असे कोणी विचारले, तर दाखवायला कागद नव्हता. त्यातच गावागावांत तंटे सुरू झाले. या आळीतून आमची मिरवणूक जाणार, त्या आळीतून तुमची जायची नाही. इथे वाद्ये थांबवा, तिथून मुकाट्याने जा. दोन धर्मांतच भांडणे होती असे नाही. एकाच धर्मातले दोन पंथ, एकाच गावातल्या दोन जाती यांच्यातही हेच चालले होते.

मुंबईचा नकार, मद्रासचा होकार

१८७७ साली मुंबई हायकोर्टापुढे असाच एक दावा आला. दावा लावणारे मुसलमान होते. सार्वजनिक रस्त्याने ताबूत मिरवत नेण्याचा आमचा हक्क आहे, तो मान्य करावा, एवढीच त्यांची मागणी होती. हायकोर्टाने ती फेटाळली.

कारण ऐकण्यासारखे आहे. विलायतेतल्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक रस्ता अडवणे हा साऱ्या जनतेविरुद्धचा गुन्हा मानत. एकट्यादुकट्या माणसाला त्यासाठी दिवाणी दावा लावायचा, तर इतरांपेक्षा आपले काही वेगळे, खास नुकसान झाले हे दाखवावे लागे. गाडी उलटली, माल नासला, पैसा बुडाला, असे काहीतरी. मिरवणूक अडल्याने मन दुखावले, उपासना मोडली, हे कोर्टाच्या हिशेबात नुकसानच नव्हते. आपल्या भाषेत सांगायचे तर, वारी चुकली तर वारकऱ्याचे काय गेले, असा तो हिशेब.

हा निकाल आपल्या मुंबई इलाख्याला लागू होता. त्या दिवशी हरले ते ताबूतवाले. पण उद्या कोणी दिंडी अडवली असती, तर आपल्यालाही तोच निकाल दाखवला गेला असता. हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले असेल का, पांडुरंग जाणे.

तिकडे मद्रास हायकोर्टाने वेगळी वाट धरली. १८८२ आणि १८८३ च्या दोन निकालांत त्या कोर्टाने सांगितले की, कोणत्याही पंथाच्या लोकांना सार्वजनिक रस्त्याने धार्मिक मिरवणूक नेता येते. मात्र रस्त्याच्या नेहमीच्या वापरात त्यांनी खोडा घालू नये, आणि अडथळा किंवा दंगा होऊ नये म्हणून मॅजिस्ट्रेटने कायदेशीर सूचना दिल्या तर त्या पाळाव्यात. यातला दुसरा निकाल सेलम गावच्या वादातला. तिथे १८८२ साली मोठी दंगल झाली होती. हिंदूंची वाद्यांची मिरवणूक आणि वाटेवरची मशीद, असा तो तंटा. कोर्टाने सांगितले की, रस्त्याकडेला मशीद असो वा मंदिर, आत नित्य उपासना चालते एवढ्या कारणावरून बाहेरून जाणाऱ्यांना त्यांची उपासना थांबवायला लावता येणार नाही.

म्हणजे एकाच सरकारच्या राज्यात दोन कायदे झाले. मद्रासेकडे मिरवणुकीला हक्क होता, मुंबईकडे तो दाव्याने मागण्याची सोय नव्हती.

औरंगाबादचे शिया आणि लंडनचा निकाल

हा गुंता सुटायला चाळीस वर्षे लागली. तो सुटला एका औरंगाबादच्या खटल्यात. हे औरंगाबाद आपले मराठवाड्यातले नव्हे, उत्तरेत संयुक्त प्रांतातले, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातले.

तिथे शिया आणि सुन्नी असे दोन्ही पंथांचे मुसलमान राहत. मोहरमात शिया लोक हुसेनच्या हौतात्म्याच्या आठवणीने मिरवणूक काढतात, छाती पिटून मोठ्याने शोक करतात. त्याला मातम म्हणतात. वाटेत सुन्नींची मशीद होती. तिच्याजवळ थांबून मातम केला की आमच्या नमाजात व्यत्यय येतो, अशी सुन्नींची हरकत. शियांनी दावा लावला. खालच्या कोर्टातून अलाहाबाद हायकोर्ट, आणि तिथून थेट लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत तो गेला. त्या काळी हिंदुस्थानातल्या खटल्यांचे शेवटचे अपील तिथे चाले.

प्रिव्ही कौन्सिलने पहिला प्रश्न हाच घेतला: धार्मिक मिरवणूक, तिला शोभणाऱ्या आचारांसह, हमरस्त्याने नेण्याचा हक्क आहे की नाही? उत्तर दिले, आहे. लॉर्ड ड्युनेडिन यांनी लिहिलेला हा निकाल १९२५ च्या कायद्याच्या अहवालांत छापलेला आहे. मद्रासचे म्हणणे योग्य ठरले आणि मुंबईचे बाजूला पडले. खास नुकसान दाखवण्याची अट विलायतेच्या कायद्याच्या रचनेतून आलेली आहे, ती हिंदुस्थानात लावण्याचे कारण नाही, असे ठरले. या हक्काच्या आड कोणी आले, तर दिवाणी दावा लावता येईल हेही स्पष्ट झाले.

आता जुळणी पाहा. सेलमच्या हिंदूंच्या मिरवणुकीवरून झालेला कायदा औरंगाबादच्या शियांच्या कामी आला. त्या शियांनी मिळवलेल्या निकालाने मुंबईच्या ताबूतवाल्यांचा जुना पराभव पुसला. आणि त्याच निकालाने मुंबई इलाख्यातल्या दिंड्यांच्या पायाखालचा रस्ता पक्का झाला. हे सारे आपली दिंडी पहिल्यांदा निघाली त्याच सुमारास घडले. आपल्या मूळपुरुषांनी खांद्यावर पताका घेतली, तेव्हा लंडनमध्ये असा काही निकाल लागतोय याचा त्यांना पत्ताही नसणार. विठोबा कोणाच्या हातून कोणाचे काम करून घेईल, सांगता येत नाही.

निकालात आपल्यासाठी काय आहे

वकिली भाषा सोडून सांगायचे तर तीन गोष्टी आहेत.

एक, हा हक्क वहिवाटीवर उभा नाही. "आमच्या आळीतून तुमची मिरवणूक कधी गेलीच नव्हती" ही सबब चालत नाही. रस्ता सार्वजनिक असेल, तर काल गेली नाही ती मिरवणूक आज जाऊ शकते. ज्यांना गावाने पिढ्यान् पिढ्या रस्ता दिलाच नाही, त्यांच्यासाठी यात केवढा आधार आहे याचा विचार करा. वहिवाट बघायची म्हटले, तर त्यांची वहिवाट म्हणजे रस्त्याच्या कडेने मान खाली घालून जाणे हीच होती.

दोन, हक्क मिरवणुकीचा आहे, रस्त्याच्या मालकीचा नाही. रस्त्याने दवाखान्यात जाणारी बाई, बाजाराला जाणारा शेतकरी, शाळेत जाणारे पोर, यांचाही तो रस्ता आहे.

तीन, सरकारला वाहतूक आणि शांतता यांसाठी नियम घालता येतात. वेळ ठरवता येते, वाट वळवता येते. नियम म्हणजे मनाई नव्हे.

संविधानाची छपाई, अहमदाबादचा खटला

२६ जानेवारी १९५० ला आपले संविधान लागू झाले. आधी निकालांत विखुरलेले हक्क आता कलमांत बसले. कलम १९ ने नागरिकाला बोलण्याचे, आपले मत मांडण्याचे आणि शांततेने, शस्त्राविना एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले. कलम २५ ने धर्म मुक्तपणे प्रकट करण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला, आणि तो सर्व व्यक्तींना दिला. अमुक धर्माच्या, अमुक संख्येच्या असे म्हटले नाही. त्याच कलमाच्या सुरुवातीला मर्यादाही घातली. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून हा हक्क आहे. हे तीन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

पण कलम छापले म्हणजे ते आपोआप चालते असे नाही. १९६९ साली अहमदाबादेत हिंमतलाल शहा यांना विद्यार्थ्यांच्या संपासंबंधी रस्त्यावर सभा घ्यायची होती. पोलिसांनी परवानगी नाकारली. मुंबई पोलीस कायद्याखाली केलेल्या नियमात परवानगी घ्या असे होते, पण ती कोणत्या कारणाने नाकारायची याचा पत्ता नव्हता. सगळे साहेबाच्या मर्जीवर. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी १९७२ साली निकाल दिला: रस्त्यावरच्या सभांना सरकारने नियम लावावेत, पण सारे रस्ते सभेला बंद करता येणार नाहीत. आणि जो नियम सगळे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडतो, तो नियम रद्द.

संप विद्यार्थ्यांचा, सभा राजकीय. तिथे ना टाळ ना मृदंग. तरीही हा निकाल आपल्या कामाचा आहे. आपणही दरवर्षी पोलिसांकडे, तहसीलदाराकडे कागद देतो, गाड्यांचे पास घेतो. ते कागद घेणाऱ्या साहेबाला कारणाशिवाय 'नाही' म्हणता येत नाही, याच्यामागे हिंमतलालांसारखी माणसे आहेत. बोलण्याचे स्वातंत्र्य आणि भजनाचे स्वातंत्र्य ही एकाच वेलीची दोन फळे. एकाचे मूळ तोडून दुसरे जगत नाही.

तीन मुलांचे मौन

धर्म प्रकट करणे म्हणजे मोठ्याने म्हणणेच असे नाही. कधी गप्प राहणेही असते. १९८५ साली केरळात तीन भावंडे शाळेत जात होती. एक दहावीत, एक नववीत, एक पाचवीत. त्यांचा पंथ यहोवाच्या साक्षीदारांचा. राष्ट्रगीत सुरू झाले की मुले आदराने उभी राहत, पण गात नसत. परमेश्वराशिवाय कोणाचे गुणगान गायचे नाही, अशी त्यांची निष्ठा. विधानसभेत कोणी प्रश्न काढला. चौकशी झाली, मुले कायदा पाळणारी आहेत, त्यांनी अनादर केलेला नाही असे निघाले. तरी शाळेतून काढली. हायकोर्टातही हरली.

ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांना शाळेत परत घ्यायला सांगितले. न्यायमूर्ती चिनप्पा रेड्डी यांनी लिहिले त्याचा सारांश असा: मुले उभी राहिली हा आदरच झाला, गायलेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही, आणि सहिष्णुता ही आपल्या परंपरेची, तत्त्वज्ञानाची आणि संविधानाची शिकवण आहे, ती पातळ करू नका.

आपण राष्ट्रगीत अभिमानाने म्हणतो, म्हणतच राहू. त्या मुलांचा विश्वास आपला नाही. पण न्यायाधीशांनी मुलांचा विश्वास बरोबर की चूक हे ठरवलेच नाही. तो मनापासूनचा आहे का आणि त्याने कोणाचे नुकसान होते का, एवढेच पाहिले. उद्या आपल्या गळ्यातल्या माळेवर कोणी बोट ठेवले, तर आपल्यालाही हेच माप लावले जावे असे आपण म्हणू. मग ते दुसऱ्यालाही लावले पाहिजे.

मर्यादा कडू लागली तरी

हक्काची गोडी सांगितली, आता मर्यादेचा कडूपणाही सांगितला पाहिजे. २००० साली मद्रासच्या एका चर्चच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दुसऱ्याची शांतता मोडून कर्ण्यावरून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. निकाल चर्चचा, पण लागू सगळ्यांना. रात्री दहानंतर कर्णा बंद हा नियम मशिदीला, मंदिराला, सप्ताहाच्या मांडवाला सारखाच. आपल्या कीर्तनाला मुळात कर्णा नव्हताच. विणा, टाळ, मृदंग आणि बुवांचा खडा आवाज एवढ्यावर सारी रात्र जागत होती.

आणि मघाचा तो 'आरोग्य' हा शब्द. २०२० आणि २०२१ च्या आषाढी कोण विसरेल? करोनाच्या साथीत पायी वारी झाली नाही. मानाच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या. कित्येक म्हाताऱ्या वारकऱ्यांनी दारात उभे राहून पंढरीच्या दिशेने हात जोडले आणि डोळ्यांना पदर लावला. २०२१ साली वारीला परवानगी मिळावी म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत अर्ज गेला, तो मान्य झाला नाही. राग आलाच होता. पण शांतपणे पाहिले तर कलमातला तोच तिसरा शब्द तिथे उभा होता. वाटेवरच्या गावांतली माणसे जगली पाहिजेत, ही मर्यादा विठोबालाही मान्य असणार. २०२२ साली पुन्हा टाळ वाजला. साथ सरली तशी बंदीही सरली. मर्यादा अशीच असावी, कारणापुरती.

आपल्याला काय देणे लागते

तुकोबारायांच्या काळी कोर्ट असते तर काय झाले असते, असा विचार कधी कधी मनात येतो. शूद्राने वेदांचा अर्थ मराठीत सांगायचा नाही, या आक्षेपावरून त्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या, असे परंपरा सांगते. दाद मागायला पांडुरंगाशिवाय कोणी नव्हते. वाणी तरली, आणि आक्षेप घेणारे रामेश्वरभट्ट पुढे त्यांचेच शिष्य झाले. म्हणजे आपला संप्रदायच मुळी अडवलेल्या वाणीचा संप्रदाय आहे. चोखोबांना तर देवळाचे दारही बंद होते. ते दार उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. ज्यांचे तोंड एकदा दाबले गेले, त्यांनी दुसऱ्याचे तोंड दाबू नये.

हे मी उगाच सांगत नाही. आपल्याच वाटेवरच्या गावांत आजही कधी नवरदेवाची वरात अमक्या आळीतून नको म्हणून काठ्या निघतात. कधी जयंतीची मिरवणूक आमच्या देवळापुढून नको म्हणतात. कधी मोहरमाची सवारी अडते, तर कधी गणपतीची. आणि अडवणाऱ्यांत कधी कधी गळ्यात माळ असलेला हातही दिसतो. त्या हाताला एवढेच सांगायचे आहे: माउली, ज्या निकालाने तुझी दिंडी हमरस्त्याने चालते, तो निकाल मातम करणाऱ्यांनी आणला. दुसऱ्याची वाट अडवशील, तर तुझ्याच वाटेखालची माती उकरशील.

शेवटी आपल्या समाजआरतीची आठवण करून देतो. मुक्कामावर पालखी येते, दिंड्या गोल उभ्या राहतात, हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. चोपदार चोप उंच करतात आणि सारे टाळ थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवतच राहते. तिला कोणी दटावत नाही. चोपदार तिच्याकडे जातात, तक्रार ऐकून घेतात, तोड काढतात. मग तो टाळही थांबतो आणि त्यानंतरच आरती होते. एका दिंडीचे म्हणणे ऐकायचे राहिले तर सारा सोहळा थांबून राहतो.

संविधान काही वेगळे सांगत नाही. नियमाची काठी हवी, ती उंच झाली की थांबायलाही हवे. पण टाळ वाजवून आपले म्हणणे सांगणाऱ्याला ऐकून घेतल्याशिवाय आरती नाही. आपल्या दिंडीने पुढची शंभर वर्षे वाट चालावी, आणि वाटेत दुसऱ्या कोणाचा टाळ, ढोल किंवा मातम समोर आला तर दोन पावले बाजूला होऊन त्यालाही वाट द्यावी, एवढेच मागणे पांडुरंगाचरणी.

रामकृष्ण हरी!